वांग्याचे काप आणि मोजलेले तेल

दवाखान्यात तपासणी संपते, औषधांची चिठ्ठी हातात पडते, रुग्ण उठून दारापर्यंत जातो आणि तेथून मागे वळून विचारतो, "डॉक्टर, वांगी चालतील ना?" वांग्यांइतका संशय अन्य कोणत्याही भाजीच्या वाट्याला आलेला मी पाहिलेला नाही. कुणी म्हणतो वांग्याने गुडघे धरतात, कुणी म्हणतो युरिक ॲसिड वाढते, कुणाला त्याने अंगाला खाज सुटण्याची धास्ती असते. यांतील युरिक ॲसिडचा आरोप अगदीच निराधार आहे. ज्या प्युरिन नावाच्या घटकापासून ते आम्ल शरीरात तयार होते, तो वांग्यात अल्प असतो. गुडघ्यांच्या तक्रारीलाही भक्कम पुरावा नाही. खाजेचे मात्र सर्वस्वी खोटे म्हणता येत नाही. वांग्यात हिस्टामीन हे द्रव्य काही प्रमाणात असते आणि थोड्या लोकांना वांग्याची खरीखुरी ॲलर्जीही असते. वांगे खाल्ल्यावर ज्यांच्या ओठांना किंवा घशाला चुरचुरते, अंगावर गांधी उठतात, त्यांनी ते टाळावे. उरलेल्या बहुसंख्य लोकांसाठी वांगे ही एक निरुपद्रवी, स्वस्त आणि पाणीदार भाजी आहे. शंभर ग्रॅम कच्च्या वांग्यात सुमारे 92 ग्रॅम पाणी असते, तीन ग्रॅमच्या आसपास तंतू असतात आणि त्यातून जेमतेम 25 कॅलरी मिळतात.

मग वांगे बदनाम झाले कशामुळे? माझ्या मते, त्यात आपण जे घालतो त्यामुळे. भरल्या वांग्यांवर तरंगणारा तेलाचा तवंग आठवावा. वांग्याचा गर म्हणजे एक प्रकारचा स्पंज आहे. त्याच्या पेशींमध्ये असंख्य बारीक पोकळ्या असून त्यांत हवा भरलेली असते. उष्णता लागली की ही हवा बाहेर पडते आणि तिची जागा शेजारी जे असेल ते घेते. शेजारी तेल असेल तर तेल. म्हणूनच तव्यावर तेल सोडावे आणि पाहता पाहता वांग्याने ते पिऊन टाकावे, तवा कोरडा दिसू लागल्याने आपण आणखी तेल सोडावे, असे चक्र सुरू होते. भाजी शिजून बसली की पोकळ्या मिटतात आणि प्यायलेल्या तेलातले काही परत बाहेर येते. पण तोवर घालायचे ते घालून झालेले असते.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे वांग्याचे काप. कोकणात आणि गोव्यात हा पदार्थ घरोघरी होतो. गोव्यात त्याला फोडी म्हणतात. वरणभाताच्या ताटात डाव्या बाजूला दोन-तीन कुरकुरीत काप असले की जेवणाला वेगळीच रंगत येते, हे मी वैद्यकीय मत म्हणून नव्हे, तर अनुभव म्हणून सांगतो. चातुर्मासात पुष्कळ घरांत वांगे वर्ज्य असते. तेव्हा सुरण, नीरफणस, कच्ची केळी यांचे काप होतात. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा घरात येते आणि थंडीच्या दिवसांत बाजारात मोठी, तजेलदार वांगी दिसू लागतात. कापांचा खरा हंगाम तोच.

तळणाला सरसकट बंदी घालणाऱ्या डॉक्टरांपैकी मी नाही, कारण ती बंदी घरात पाळली जाते आणि घराबाहेर मोडली जाते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. माझ्याकडे मधुमेहासाठी येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. अँजिओप्लास्टी झाल्यावर घरच्यांनी त्यांचे तळलेले सर्व पदार्थ बंद केले. हेतू चांगला होता. सुनेने डबे बदलले, कढई माळ्यावर गेली, आजोबांचे ताट वेगळे वाढले जाऊ लागले. ते काही बोलले नाहीत. मात्र संध्याकाळच्या फेरफटक्याचा रस्ता बदलला. रक्तातील ट्रायग्लिसराइड उतरण्याऐवजी चढलेले पाहून मी एकट्याला विचारले, तेव्हा समजले की रोज सायंकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन बटाटेवडे होतात. ते म्हणाले, "घरात आजाऱ्यासारखं जेवावं लागतं हो. तिथं निदान माणसासारखं खातो." त्या वाक्यातील दुःख वड्यापेक्षा मोठे होते.

गाडीवरचा वडा आणि घरातला काप यांत फरक आहे, आणि तो कॅलरींपुरता नाही. गाडीवरच्या कढईतले तेल सकाळपासून, कधी कालपासून, तापत असते. तेल वारंवार कडक तापवले की हवेशी आणि पदार्थातल्या पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, ते काळसर आणि चिकट होते, त्याला उग्र वास येतो आणि त्यात शरीराला अहितकारक अशी संयुगे साठत जातात. या संयुगांना एकत्रितपणे 'ध्रुवीय संयुगे' म्हणतात. त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 पासून व्यावसायिकांना लागू केला आहे. घरात हे प्रमाण मोजायचे साधन नसते. आणि घरातही कढई असतेच! भजी तळून झाली की अर्धी कढई तेल उरते. ते फेकून देणे कोणत्याही गृहिणीच्या जिवावर येते, आणि ते स्वाभाविक आहे. मग ते गाळून बरणीत जाते, आठवडाभर फोडणीला वापरले जाते, पुढच्या रविवारी त्यात नवे तेल घालून पुन्हा पुऱ्या होतात.

कापांचे मोठेपण येथे आहे. ते तव्यावर होतात. तेल चमच्याने घालावे लागते आणि पदार्थ तयार झाल्यावर तेल उरत नाही. काय पोटात गेले हे मोजता येते. ज्याला तळलेले म्हणता येईल आणि तरीही ज्याचा हिशेब ठेवता येईल, असे फार थोडे पदार्थ आपल्या स्वयंपाकात आहेत.

परंतु बहुतेकांची तक्रार अशी असते की कमी तेलात काप कुरकुरीत होत नाहीत. मऊ पडतात, रवा सुटतो, तव्याला चिकटतात. कुरकुरीतपणा तेलाच्या प्रमाणावर अवलंबून असतो, ही समजूतच मुळात अपुरी आहे. कुरकुरीत म्हणजे कोरडे. वरच्या थरातले पाणी वाफ होऊन निघून गेले की तो थर कडक होतो. तेलाचे काम तव्याची उष्णता त्या थरापर्यंत सारखी पोचवणे एवढेच. त्यासाठी पातळ लेप पुरतो. खरा झगडा 92 टक्के पाण्याशी आहे, आणि तो तवा तापण्याआधीच सुरू होतो.

वांगे निवडण्यापासून सुरुवात करू. भरिताचे मोठे, जांभळे किंवा हिरवे वांगे घ्यावे. जळगावची भरिताची वांगी प्रसिद्धच आहेत, गोव्यातील आगशीच्या वांग्यांनाही तसाच मान आहे; पण जवळच्या मंडईत मिळेल ते चांगले वांगे पुरे. आकाराच्या मानाने हलके, देठ हिरवे, साल चमकदार, आणि अंगठ्याने दाबले असता खळगा न राहता पुन्हा वर येणारे असावे. जून वांग्यात बिया कडक होतात, गर कडवट होतो. कवळी वापरणाऱ्या वृद्धांना या बियांचा विशेष जाच होतो, कारण त्या कवळीखाली जाऊन हिरडी दुखवतात. त्यांच्यासाठी कोवळेच वांगे आणावे. या पिकावर शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव फार, त्यामुळे फवारण्याही फार होतात. (याच अळीला तोंड देण्यासाठी तयार केलेल्या बीटी वांग्याच्या लागवडीला केंद्र सरकारने फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती दिली, हे वाचकांना आठवत असेल.) म्हणून वांगे चिरण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावे. साल काढू नये. जांभळ्या सालीतच अँथोसायनिन वर्गातील उपयुक्त रंगद्रव्य असते, आणि साल असली म्हणजे काप उलटताना तुटत नाही.

साधारण 400 ग्रॅमच्या वांग्याचे एक सेंटिमीटर जाडीचे बारा काप होतात. चार माणसांना तीन-तीन. याहून पातळ चिरले तर ते करपतात, जाड चिरले तर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात. चिरलेले वांगे काळे पडते म्हणून आपण ते पाण्यात टाकतो. पण कापांना पाण्यात बुडवणे म्हणजे शत्रूला घरात घेणे होय. त्याऐवजी चिरताच ताटात पसरावे आणि बारा कापांना मिळून अर्धा चहाचा चमचा मीठ दोन्ही बाजूंना चोळावे. पंधरा मिनिटांत त्यांना पाझर फुटतो. मीठ पेशींतले पाणी ओढून घेते, पोकळ्या दबतात आणि स्पंज काहीसा मिटतो. पाणी तर जातेच, शिवाय वांग्याची तेल पिण्याची ताकदही घटते. या एका कृतीने तेल वाचते. मग स्वच्छ सुती फडक्यात काप दाबून टिपावेत. घाईघाईने नव्हे, नीट टिपावेत.

येथे रक्तदाबाच्या रुग्णांसाठी थोडे थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. वर सांगितलेले अर्धा चमचा मीठ म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास. चौघांत वाटले, काही पाझराबरोबर फडक्यात गेले, तर माणशी पाऊण ग्रॅमही राहत नाही. पण त्यानंतर मसाल्यात मीठ, रव्यात मीठ, वरून चाट मसाला असे सुरू झाले की हिशेब कोलमडतो. तेव्हा मीठ एकदाच. आंबटपणासाठी अनेक घरांत आगळ लावतात; चव उत्तम, मात्र आगळात मीठ असते हे विसरले जाते. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही त्यांनी लिंबाचा रस वापरावा.

टिपलेल्या कापांना हळद, लाल तिखट, हिंग, थोडी धने-जिरे पूड आणि चमचाभर लिंबाचा रस एकत्र करून चोळावे. मालवणी मसाला असेल तर तिखटाची गरज नाही. आता आवरण. चार पोह्याचे चमचे बारीक रवा आणि दोन चमचे तांदळाची पिठी कोरडीच मिसळावी. रव्याने खरखरीतपणा येतो आणि पिठीने कडकपणा टिकतो. काप त्यात ठेवून तळव्याने दाबावा, उलटून पुन्हा दाबावा आणि झटकावा. आवरण लावलेले काप ताटात वाट पाहत ठेवू नयेत. रवा ओला झाला की श्रम वाया. ज्यांना गव्हातील ग्लूटेन चालत नाही, त्या सिलिॲकच्या रुग्णांनी लक्षात ठेवावे की रवा गव्हाचाच असतो. त्यांनी केवळ तांदळाची पिठी घ्यावी. काप थोडे वेगळे पण चांगले होतात.

तवा शक्यतो बिडाचा किंवा जाड लोखंडी असावा, कारण गार काप ठेवल्यावर तो एकदम थंड पडत नाही. पातळ तवा थंड पडतो, मग वाफ मंदावते आणि रवा तेल शोषत बसतो. मध्यम आचेवर तवा तापवून दोन चहाचे चमचे तेल पसरावे. रव्याचे चार दाणे टाकून पाहावेत. ते लगेच चुरचुरले पाहिजेत, पण काळे पडता कामा नयेत. तेलातून धूर निघू लागला तर आच जास्त झाली. एका वेळी सहा काप, एकमेकांना न टेकवता ठेवावेत. पहिल्या बाजूला दोन मिनिटे झाकण ठेवावे म्हणजे आतला गर शिजतो. मग झाकण काढून आणखी दोन-तीन मिनिटे हात लावू नये. उलथण्याने सारखे चाळवणाऱ्यांचा रवा सुटतो. खालची बाजू खमंग झाली की काप आपणहून तवा सोडतो. उलटून कडेने एक चमचा तेल सोडावे आणि आता झाकण मुळीच ठेवू नये. रंग सोनेरी आला की उतरवावेत. पिष्टमय पदार्थ कोरड्या, कडक उष्णतेत फार तांबूस झाले तर त्यांत ॲक्रिलामाइड हे नकोसे द्रव्य वाढते, म्हणून 'खरपूस' आणि 'करपलेले' यांतली सीमा ओलांडू नये.

तव्यावरून उतरवल्यानंतरचे पहिले मिनिटही महत्त्वाचे. तळणीत असताना आतून वाफ बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला वाव कमी असतो. पदार्थ निवू लागला की आतली वाफ विरते आणि पृष्ठभागावरचे तेल आत खेचले जाते. म्हणजे तेल मुरते ते पुष्कळसे उतरवल्यावर. गरम असतानाच काप जाळीवर उभे किंवा तिरके ठेवले, तर वरचे तेल निथळते आणि खालून वाफ न धरल्याने कुरकुरीतपणाही राहतो. ताटात एकावर एक रचले तर पाच मिनिटांत खालचे मऊ होतात. काही घरांत तळण वर्तमानपत्रावर काढतात. ती सवय सोडावी. छपाईची शाई गरम तेलात उतरते आणि तिच्यातली द्रव्ये खाण्याची नव्हेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही याविरुद्ध सूचना दिलेली आहे. एअर फ्रायर असणाऱ्यांनी काप पातळ तेल लावून त्यात अवश्य करावेत, पण कापांसाठी म्हणून ते यंत्र विकत घेण्याची गरज मला दिसत नाही.

आता हिशेब. सहा कापांना तीन चमचे, बारांना सहा चमचे तेल. म्हणजे 30 मिलिलिटर, वजनाने सुमारे 27 ग्रॅम. चौघांत वाटले तर माणशी सात ग्रॅमहून थोडे कमी आणि सुमारे 60 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2,000 कॅलरींच्या दैनंदिन आहारात वरून घ्यायच्या तेला-तुपासाठी एका माणसाला 27 ग्रॅम सुचवले आहेत. त्याचा चौथा हिस्सा तीन कापांत जातो. उरलेले तीन हिस्से त्या दिवशी फोडणी, पोळीवरचे तूप आणि भाजी यांत बसवायचे. तेव्हा ज्या दिवशी काप, त्या दिवशी आमटीला फोडणी बेताची आणि पापड भाजलेला.

मधुमेही रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट. वांग्यात साखर नगण्य, पण आवरणात पीठ आहे. तीन कापांना सुमारे दहा ग्रॅम रवा-पिठी चिकटते, म्हणजे अर्ध्या फुलक्याइतके. म्हणून कापांना भाजी समजू नये. ताटातला अर्धा फुलका कमी करावा आणि एखादी कोशिंबीर व वाटीभर घट्ट वरण असू द्यावे. पित्ताशयात खडे असून ज्यांना तेलकट खाल्ल्यावर उजव्या कुशीत कळ येते, त्यांनी मात्र उपचार होईपर्यंत काप बाजूला ठेवावेत. आणि ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी ते दुपारीच खावेत. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियमचे पथ्य आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. लहान मुलांचा वांग्याला असलेला विरोध बहुधा चवीला नसून त्याच्या बुळबुळीतपणाला असतो. कुरकुरीत कडेचा काप अनेक मुले वांगे आहे हे कळूनही खातात.

त्या शिक्षकांच्या घरी आम्ही तिघांनी, म्हणजे ते, त्यांची सून आणि मी, बसून ठरवले की दर रविवारी सर्वांच्या ताटात काप होतील. आजोबांना तीन, आणि तेल चमच्याने मोजून. वेगळे ताट बंद. सुनेने पहिल्याच रविवारी विचारले, "आणि मागितले तर?" मी म्हटले, "चौथा तुम्ही खाऊन टाका." पुढच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड बरेच उतरले होते. त्याचे श्रेय कापांना देण्याइतका मी भाबडा नाही. त्यांचे चालणे नियमित झाले, गोळ्या वेळेवर जाऊ लागल्या, आणि मुख्य म्हणजे गाडीवरचे रोजचे वडे सुटले. महिन्यातून एखादा वडा अजूनही होतो, तो ते स्वतःहून सांगतात.

काप उरले, तर ते झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या, तापलेल्या तव्यावर तेल न घालता दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटे शेकावेत. मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास आतली वाफ आवरणात शिरून ते ओलसर होतात. तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नयेत; पण तोवर ते उरल्याचे एकाही घरातून मला अद्याप कळलेले नाही.